उजवी बाही

३ फेब्रुवारी

पोचलो एकदाचा कोल्हापुरात. चंदगडच्या स्टँडवर आई एसटीच्या खिडकीतून काजूची पिशवी आत सारत होती आणि कंडक्टरला सांगत होती, माझं पोरगं रोबोटला शिकवायला चाललंय. कंडक्टरनं मागं वळून माझ्याकडं असं बघितलं, जणू रोबोट मीच.

खोलीचं मात्र अवघड वाटत होतं. पहिल्या दोन घरांत 'कांबळे' म्हटल्याबरोबर खोली 'कालच गेली' होती. तिसऱ्या घराचा पत्ता फाउंड्रीतूनच मिळाला. कळंब्याला, तलावाकडं जाणाऱ्या रस्त्यावर, पिराजी चौगुल्यांचं घर. पिराजीमामा आमच्याच फाउंड्रीत ओतकामाला आहेत, म्हणजे वितळलेल्या लोखंडाचा रस साच्यात ओततात. त्यांच्या बायकोला सगळी गल्ली आक्का म्हणते. आक्कांनी आडनाव विचारलंच नाही. विचारलं ते एवढंच, "तिखट खातासा न्हवं, पावणं?" मी 'व्हय' म्हणालो आणि खोली माझी झाली.

मुलगी लग्न होऊन निपाणीला गेल्यापासून दोघंच असतात. रात्री अख्खा मसूर, भाकरी आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. मामांची एक तऱ्हा बघितली. भाकरी एका हातानंच मोडतात आणि पहिला तुकडा शेजारच्याच्या ताटात टाकतात. आज शेजारी मी होतो. अंगठीच्या खालून कोपरापर्यंत त्यांच्या हातावर ठिणग्यांचे बारके पांढरे डाग आहेत, कुणी तांदूळ उधळल्यासारखे.

मी खूश आहे. तीन ठिकाणी नकार खाल्ल्यावर ही नोकरी मिळाली आहे. ओळखपत्रावर नाव आहे, प्रसेनजीत कांबळे, आणि त्याखाली 'रोबोट ट्रेनर'. फोटो काढून आईला पाठवला. आता तो वस्तीतल्या प्रत्येक फोनवर गेला असणार.

७ फेब्रुवारी

आज नव्या हाताची पूजा झाली. परदेशातून आलेला, रुळावरून सरकणारा, खांद्यापासून बोटांपर्यंत माणसाच्या हातासारखा, फक्त दुपटीनं मोठा. नाव कसलंसं इंग्रजी आहे, पण फाउंड्रीत सगळे त्याला 'हात'च म्हणतात. धैर्यशीलसाहेबांनी, म्हणजे धाकट्या मालकांनी, नारळ फोडला. मनगटाला झेंडूची माळ बांधली.

माझं काम सोपं आहे. एक काळी बाही आहे, खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत घट्ट बसणारी. जुन्या कामगारानं ती उजव्या हातात घालून आपलं रोजचं काम करायचं. बाही सगळं टिपते, जोर किती, मनगट कुठं वळलं, बोट कुठं थांबलं. त्यातून हात शिकतो. बाही अंगावर असताना दोघं जोडलेले राहतात. माणसानं मूठ उघडली की हातही उघडतो. मी पडद्यावर नको ते पुसायचं आणि हवं ते ठेवायचं.

पहिली पाळी भाऊसोंची. ते फेटलिंगला आहेत, म्हणजे साच्यातून निघालेल्या लोखंडी भागाच्या कडा ग्राइंडरनं घासून साफ करतात. लई गमत्या माणूस. बाही घालून बायकांसारखा हात फिरवून दाखवला आणि अख्खी रांग हसवली.

१९ फेब्रुवारी

हात शिकतोय आणि फार लवकर शिकतोय. मला वाटलं होतं महिने लागतील.

भाऊसोंना दर थोड्या वेळानं तंबाखू लागते. बाही न काढताच डाव्या तळव्यावर चुना लावून अंगठ्यानं मळतात, वर दोनदा थाप मारतात. मी सांगितलं, हेपण टिपलं जातंय, मला पुसत बसावं लागतं. तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे की! त्याला बी कायतरी शौक पायजे." मी हसत हसत पुसलं.

सकाळी मामांच्या गाडीवर मागं बसून जातो. संध्याकाळी तलावावर फेरी. मामा चालताना मोठ्यानं बोलतात, आयुष्यभर भट्टीच्या आवाजावर आवाज चढवल्यामुळं. ओळख निघाली की माझी ओळख 'आमचं पोरगं' अशी करून देतात.

५ मार्च

फेटलिंग पूर्ण शिकवून झालं. हात कडा अशा घासतो की बोट फिरवावं तर रेशीम. साहेबांनी पेढे वाटले, सगळ्यांसमोर माझं नाव घेऊन टाळ्या वाजवल्या. त्याच संध्याकाळी फेटलिंगच्या अख्ख्या रांगेला घरी बसवलं.

भाऊसो आले नव्हते. गेल्या आठवड्यापासून हाताला मुंग्या येतात म्हणत होते. परवा चहाचा ग्लास हातातून सुटला. सगळे म्हणाले, ग्राइंडरच्या थरथरीनं होतं तसं.

पेढा घशाखाली उतरला, हे लिहून ठेवतो.

११ मार्च

मामांबरोबर भाऊसोंना बघायला गेलतो. ते ओसरीत बसले होते. उजवा हात मांडीवर पडलेला, दुसऱ्या कुणाचा तिथं ठेवून दिल्यासारखा. डॉक्टरांनी सगळं तपासलं. शिरा ठीक, हाड ठीक. दुखत नाही, सुजलेला नाही. फक्त हलत नाही. बायको तंबाखू मळून त्यांच्या ओठात ठेवत होती.

मामांनी विचारलं, काय होतंय नेमकं. भाऊसो माझ्याकडं बघत म्हणाले, "हात हाय की. पर त्यो माझा न्हाय."



१२ मार्च

आज हात काम करता करता थांबला. ग्राइंडर खाली ठेवला. मनगट वळवलं, अंगठा बोटांवर टेकवला आणि हळूहळू मळायला लागला. मग थाप. परत थाप. मग ग्राइंडर उचलून पुढचा भाग घासायला घेतला.

पहिल्यांदा मला हसूच आलं.

मग मी पडद्यावर जाऊन बघितलं. तंबाखूचा प्रत्येक तुकडा मी स्वतः पुसलेला आहे. तिथं काही नाही. जे तिथं नाही ते त्यानं कुठून आणलं?

१५ मार्च

धैर्यशीलसाहेबांना सांगितलं. भाऊसोंचा हात, तंबाखू, सगळं. वाटलं होतं ते मला वेड्यात काढतील. त्यांनी काचेच्या केबिनचं दार लावून घेतलं आणि शांतपणे विचारलं, आणखी कुणाला बोललायस का?

त्यांना माहीत आहे. दुसऱ्या राज्यात एका कारखान्यात असंच झालं होतं. तिथं शिवणकाम करणाऱ्या बायका होत्या. बाही जे घेते ते परत देत नाही. का, ते बनवणाऱ्यांनाही सांगता येत नाही. मी म्हणालो, मग बंद करूया. तर ते हसले. तसे वाईट नाहीत दिसायला. म्हणाले, "काम गेल्यावर हात ठेवून ती माणसं करणार काय? देवळात टाळ्या वाजवणार?"

पुढचं काम ओतकाम. म्हणजे पिराजीमामा. मला जमत नसेल तर पेठ वडगावचा एकजण तयार आहे, असं म्हणाले. जमत असेल तर वर्षाअखेर सगळे विभाग माझ्याकडं. विचार करून सांग म्हणाले, आणि विचार करायला वेळ न देता बाहीची पेटी माझ्या हातात ठेवली.

२१ मार्च

जेवताना मामांनी विचारलं. सरळ, घास हातात धरून. "पोरा, त्या बाहीत काय वंगाळ न्हाय न्हवं?"

आक्का तव्यावरची भाकरी परतत होत्या. हात तसाच थांबवून त्यांनी माझ्याकडं बघितलं.

मी काय विचार केला ते लिहितो. मी नाही म्हणालो तर वडगावचा येईल. मामांचं काम तसंही जाणार. मी घरी जाईन आणि आई वस्तीत कुणाच्या तोंडाकडं बघणार नाही. हा सगळा विचार एका घासाच्या वेळात झाला.

मी म्हणालो, "न्हाय, मामा."

त्यांनी भाकरी मोडली आणि पहिला तुकडा माझ्या ताटात टाकला.

१४ एप्रिल

आज जयंती. गावी जाता आलं नाही. आईनं फोनवर विहारातली गाणी ऐकवली. म्हणाली, सगळे तुझंच विचारतायत. भाषणात तुझं नाव घेतलं, की आपलं पोरगं यंत्राला अक्कल शिकवतंय.

मामांचं शिकवणं मध्यावर आलंय. लॅडल, म्हणजे रसाचं लांब दांड्याचं भांडं, ते असं वळवतात की धार मधेच तुटत नाही. रस लालही नसतो, त्याच्या पुढं गेलेला पांढरा असतो. हात आता त्यांच्यामागं नाही, त्यांच्याबरोबर वळतो. कधी कधी त्यांच्याही आधी.

संध्याकाळी मामांना शर्टाचं बटण लावता येईना. माझ्याकडं पाठ करून बराच वेळ खटपट करत राहिले. मी मोबाईल बघत बसलो. बघत नव्हतो.

२८ एप्रिल

झालं. ओतकाम संपूर्ण. मामांना हार घालून निरोप दिला. हार घेण्यासाठी त्यांनी डावा हात पुढं केला.

आज भाकरी आक्कांनी मोडली. मामांचा उजवा हात मांडीवर पडलेला. आक्का घास भरवतात आणि मध्येच भिंतीकडं बघतात. मामा म्हणाले, "आधी पोराला वाढ."

मी जेवलो. भूक होती.

३ मे

भाऊसोंचा डावा हातही गेला. बाही फक्त उजव्यात घातली होती. डावा का? साहेबांना विचारलं. म्हणाले, एका हातानं कुणी काम करतं का? त्याला जोडी लागणार.

मामांना हे सांगितलेलं नाही.

६ मे

दुपारच्या सुट्टीत भट्टी शांत असते. मी डबा खात होतो. हात जागेवर उभा होता, रिकामा. त्यानं हवेतलं काहीतरी उचललं. एका हातानं मोडलं. आणि पहिला तुकडा शेजारी टाकला.

शेजारी मी बसलो होतो.

८ मे

आक्का आज फाउंड्रीत आल्या. मामांचा पंचा आणि चपला न्यायला. हात समोरच होता. त्या त्याच्याकडं नुसत्या बघत राहिल्या. मग जवळ गेल्या आणि आपला तळवा पुढं केला. मी ओरडणार होतो. पण हातानं त्यांचा तळवा हळूच धरला आणि अंगठ्यानं वर चोळलं. सावकाश.

आक्का रडल्या नाहीत. मला म्हणाल्या, लग्नात अंतरपाट निघाल्यावर ह्यांनी असाच धरला होता, सगळ्यांच्या नकळत.

मग विचारलं, "रोज हितं येऊ दील का रं मला कोन?"

१२ मे

बुद्धपौर्णिमा. खीर केली होती आक्कांनी, माझ्यासाठी. दूध आटवून, वेलदोडा घालून. मामांना भरवली, मला वाटीत दिली आणि घाईनं लुगडं बदलून फाउंड्रीला निघाल्या.

रोज जातात. वॉचमन सोडतो. साहेबही काही म्हणत नाहीत, उलट पाहुण्यांना काचेतून दाखवतात. त्या दुपारभर हाताजवळ बसतात, बोलतात. घरी मामा एकटे दाराकडं तोंड करून बसलेले असतात. मी विचारलं, आक्का कुठं गेल्या माहीत आहे का. म्हणाले, "माझ्याकडंच गेल्या की."

आणि हसले. तसं हसणं परत बघायचं नाही मला.

१६ मे

लिहितोच. 

आज भट्टी लवकर तापली. साहेबांनी केबिनमधून लाइन चालू केली. आक्का हाताजवळ होत्या. त्यांचा तळवा त्याच्यात होता. हात कामाला निघाला. तळवा सोडलाच नाही. रुळावरून लॅडलकडं सरकायला लागला आणि आक्का ओढत, चालत, मग पडून—

मी लाल बटण दाबलं. रूळ थांबला, मूठ नाही. ती उलट आवळत चालली. पांढऱ्या रसाची धग आक्कांच्या बोटांवर. त्या किंचाळत नव्हत्या. त्या मामांना हाक मारत होत्या, "अहो, सोडा की, अहो—" असं. साहेब काचेमागून ओरडत होते, लॅडल सांडू देऊ नकोस.

मूठ उघडायचा एकच रस्ता होता. मी पेटी उघडली. बाही घातली. माझी मूठ मिटलेली होती, मी ती उघडली. त्यानं उघडली.

आक्का वाचल्या. तीन बोटं भाजली आहेत, हाडापर्यंत.

बाही काढताना ती कातडीला चिकटली होती. आतून कुणी धरून ठेवावी तशी.

१७ मे

मुंग्या.

२० मे

साहेबांनी बोलावलं होतं. रागावतील वाटलं. खूश होते. म्हणाले, शिकवणाऱ्याचाच हात मिळाला, आता तो स्वतःच स्वतःला शिकवील. मी पुसायचो, निवडायचो, ते सगळं रात्रीत शिकला. पडद्यावर माझ्याशिवाय काम चालू होतं. बटणं आपोआप दाबली जात होती, माझ्याच वेगानं. माझ्याच चुका करून, मग दुरुस्त करून.

ओळखपत्र काढून घेतलं. गळ्यातून त्यांनीच काढलं. मला गाठ सुटेना.

आईला सांगितलं नाही.

२३ मे

उरलेला पगार घ्यायला फाउंड्रीत गेलतो, निघताना हाताकडं परत डोकावलो. हात साच्यांच्या वाळूवर वाकलेला. एक बोट पुढं. लिहीत होता.

अक्षर माझं. 'श' ची गाठ माझी. मी वरची रेघ देत नाही, त्यानंही दिली नव्हती. रोज लिहायची सवय— ती हाताची सवय आहे, माझी नाही, हे आज कळलं.

त्यानं २१ मार्च लिहिलं होतं. सगळं. बाहीचं, वडगावच्याचं, एका घासाचं. 'मी म्हणालो, न्हाय, मामा.' कामगार भोवती जमले होते. एकजण मोठ्यानं वाचत होता.

मी पळालो.

२४ मे

मामांना कळलं. भाऊसोंच्या घरून माणूस येऊन सांगून गेला.

ओरडतील म्हणून वाट बघितली. दुपार गेली. मग स्वतःच बोलले, हळू आवाजात. मामांचा हळू आवाज मी आज पहिल्यांदा ऐकला.

भाऊसोनं आधीच निरोप धाडला होता, मामा म्हणाले, बाही घालू नगं म्हणून. "मी म्हनलं, आमचं पोरगं हाय की तितं. काय आसंल तर ते सांगंल. म्हनून तुला इचारलं. भाऊसोपरास तुझ्यावर इस्वास ठिवला."

एवढंच. मग तोंड फिरवलं.

मी पाया पडायला वाकलो. उजवा हात जमिनीला लागून तिथंच राहिला. डाव्यानं उचलून घ्यावा लागला.

आक्का दारात होत्या. बँडेजचा हात छातीशी. त्यांनी सगळं ऐकलं.

२६ मे

डाव्याला मुंग्या. पेन उजव्या बोटांत दोऱ्यानं बांधलंय, खांद्यानं ढकलतो—

आईचा फोन वाजतोय. वाजून थांबतो. परत.

दोघं मला जा म्हणत नाहीत.  आक्का अंघोळीचं पाणी ठेवतात, ताट वाढतात. रोजच्यासारखं. फक्त—

२७

ताट समोर. आमटी, भाकरी. अख्खी. वाफ येते.

पलीकडं मामा. आक्का भरवते त्यांना. भाजक्या हातानं. एक घास, मग पाणी, मग घास.

कालपण असंच. परवापण. माझं ताट वाढते. मग उचलते. भरलेलं.

हाक मारली. आक्का. आक्का, मला पण. तिनं मामांचं तोंड पुसलं. पदरानं. माझ्याकडं बघितलं. बघितलं नक्की. मग ताटाकडं. म्हणाली, "जेवा की पावणं."

पावणं म्हणाली.

भाकरी निवते आहे. हाताला सांगतो उचल. डाव्याला सांगतो. तू तरी. सांगतो, उच